मुरबाडच्या शेतावरची यूटीव्ही : बेल्ट सारखा जातोय, गाडीच बदलू का?

बारवीकाठ

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात माजिवड्याला, शेत बदलापूर–मुरबाड रस्त्यापासून आत. शेतावर एक सेकंड हँड यूटीव्ही, म्हणजे खडबडीत जमिनीवर माणसं-सामान नेणारी छोटी चारचाकी, आहे, दोन सीटची, मागे सामानाचा ट्रे, दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. काम म्हणजे शेणखताच्या गोण्या, पाण्याचे ड्रम, आणि टेकाडावरच्या आंब्याच्या कलमांपर्यंत माणसं-सामान नेणं. तिथे ट्रॅक्टर वळत नाही आणि जीप चढली तरी उतरवताना जीव वर-खाली होतो.

तक्रार एकच, इंजिनची ओढ गिअरबॉक्सला देणारा रबरी बेल्ट. उन्हाळ्यात एक फाटला, नवा टाकला. आता पाऊस ओसरलाय तर पुन्हा तेच. जळक्या रबराचा वास, चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी सरकत नाही, सपाटीवर निघताना धप धप हादरे. बेल्ट बाहेरून मागवायचा म्हणजे आठवडेच्या आठवडे वाट बघा. गावातला ट्रॅक्टर मेकॅनिक म्हणतो ही श्रीमंतांच्या पोरांची बग्गी, शेताची नाही. मुलगा म्हणतो विकून टाका.

खरंच ही जातच नाजूक असते का? आणि पावसाळ्यानंतर हिचं नक्की काय काय बघायचं असतं?

खारघर_चिखल

बेल्टचा वैताग नको असेल तर बेल्ट नसलेल्या यूटीव्हीही असतात. होंडाच्या पायोनिअर १००० मध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे, यामाहाच्या वायएक्सझेड १००० आर मध्ये सरळ हाताने टाकायचे गिअर, कुबोटाच्या डिझेल आरटीव्हीत हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. पण आपल्याकडे त्या मिळवणं आणि पुढे त्यांचे पार्ट शोधणं हा वेगळाच खटाटोप. आहे ती कोणाला तरी नीट दाखवा आधी.

वागळे_पाना

काका, विकायची घाई करू नका. माझं वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे, रिसॉर्टवाल्यांच्या एटीव्ही-यूटीव्ही दुरुस्तीला येतात. माझं ठाम मत सांगतो : बेल्ट जळतो तेव्हा दोष बेल्टचा क्वचितच असतो. जळण्याचं कारण तसंच ठेवून नवा टाकला तर तोही त्याच वाटेने जातो.

आत काय चाललंय ते बघा. इंजिनच्या शाफ्टवर एक पुली, गिअरबॉक्सवर दुसरी. आरपीएम वाढला की पहिलीच्या दोन तबकड्या जवळ येऊन बेल्ट चिमटीत पकडतात. पकड पक्की होईपर्यंत बेल्ट थोडा घसरतोच, आणि घासला की तापतो. आता ट्रेमध्ये पाण्याचा ड्रम, समोर टेकाड आणि गिअर एचमध्ये (हाय), अशी गाडी रांगत चढवली तर बेल्ट पूर्ण वेळ अर्धवट पकडीतच राहतो. कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग अजून घसरतो. एकाच जागी घसरत राहिला तर तेवढा तुकडा झिजून अरुंद होतो. निघताना तुम्हाला बसतो तो धप धप हादरा बहुतेक त्या तुकड्याचा आहे.

म्हणून पहिला प्रश्न हाच : तुमची माणसं एल (लो गिअर) कधी टाकतात? पोलॅरिसच्या मॅन्युअलमध्ये सरासरी वेग ताशी ७ मैलांच्या, म्हणजे साधारण ११ किलोमीटरच्या खाली असेल, जमीन खडबडीत असेल किंवा ओझं ओढायचं असेल तर लो गिअर वापरा, असं स्पष्ट लिहिलंय. तुमचं सगळं कामच त्यात बसतं. चढावर थांबायची वेळ आली तर थ्रॉटलवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाबायचा. निघताना एलमध्ये थ्रॉटल ठाम द्यायचा, चिमूटभर देऊन चाचपडायचं नाही. मोठा चढ संपला की लगेच किल्ली फिरवू नका. न्यूट्रलला टाकून थोडा वेळ इंजिन चालू ठेवा, पुलीवरचे पंखेच आत थंड हवा ओढतात.

आता क्लचचं, म्हणजे या दोन पुल्यांचं, कव्हर उघडा. कव्हरचं सील फाटलंय का, हवेच्या पाइपात गवत, घाण, उंदराचं घरटं आहे का बघा. जुन्या बेल्टचे दोरे पहिल्या पुलीच्या मागे गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने एकूण एक काढा. ते राहिले तर क्रँकचं ऑइल सील कापतात, आणि तेल आत आलं की कितीही महागडा बेल्ट घाला, घसरणारच. पुलीच्या तबकड्या ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा. तिथे ग्रीस नाही, ऑइल नाही, गंज काढायचा स्प्रेसुद्धा नाही. ट्रॅक्टरच्या हाताला सगळीकडे ग्रीस मारायची सवय असते, म्हणून बजावून सांगतोय. नव्या बेल्टला पहिले ८० किलोमीटर तरी हलक्या ओझ्याने, वेग कमी-जास्त करत चालवा.

पावसात ओहोळातून गाडी काढली आणि अचानक ओढ गेली तर कव्हरमध्ये पाणी शिरलंय. खाली ड्रेन प्लग असतो, तो काढायचा, न्यूट्रलमध्ये थ्रॉटल वर-खाली करून बेल्ट वाळवायचा आणि मगच पुढे जायचं. ओल्या बेल्टवर जोर लावला की तो तिथेच संपतो.

आणि सर्व्हिस किलोमीटरवर मोजू नका, डॅशवरच्या आवर मीटरवर मोजा. शेतावरची गाडी दिवसभर चालते आणि किलोमीटर पडतात दहा-पंधरा. बऱ्याच मॉडेलना पहिली सर्व्हिस २५ तासांना असते, पुढचं कोष्टक मॅन्युअलमध्ये असतं. चिखल, पाणी, धूळ, ओझं असेल तर त्याहून लवकर करा असंही तिथेच लिहिलेलं असतं. मी तर आपल्या हवेत ते अंतर निम्मंच धरतो.

बारवीकाठ

खूप आभार. काल जाऊन कव्हर उघडलं. सील खालच्या बाजूला चिरलेलं, आत चिखलाचा थर, आणि तुम्ही म्हणालात तसे काळे दोरे पुलीमागे घट्ट बसलेले. गडी कायम एचमध्येच चालवतात. विकणाऱ्याने सांगितलं होतं की एल फक्त अडकल्यावर वापरायचा, एरवी पेट्रोल पितो!

आता इतके खोलात शिरलोच आहोत तर बाकीचंही सांगा. एअर फिल्टरला दर आठवड्याला कंप्रेसरची हवा मारून घेतो, पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल गावात बदललंय. चालेल ना?

वागळे_पाना

दोन्ही ठिकाणी थांबा, काका.

कागदी फिल्टरला हवा मारायची नाही. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि मुरूमाची बारीक धूळ सिलिंडरमध्ये जाते. मग कॉम्प्रेशन उतरतं, धूर येतो, आणि तो खर्च चार बेल्टांनी भरून निघत नाही. फिल्टर काढल्यावर इंजिनकडच्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल धूळ आली तर फिल्टर नीट बसत नाहीये. नवा टाका, कडेच्या रबराला ग्रीसचा बारीक हात द्या, क्लिप पक्की लागली का बघा. ग्रीसची ही जागा मात्र योग्य.

डिफरन्शियलमध्ये त्यांनी नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल भरलं असणार. तुमची गाडी पोलॅरिस असेल तर पुढे साधं डिफरन्शियल नसतं. आत रोलर असतात, मागची चाकं घसरली की ते अडकून पुढची चाकं ओढायला लागतात. त्याला कंपनीचं डिमांड ड्राइव्ह फ्लुइडच लागतं. जाड ऑइलमध्ये ती यंत्रणा नीट पकडत नाही, आणि ते कळतं नेमकं घसरणीवर. दुसरी कंपनी असेल तर तिच्या मॅन्युअलमधला ग्रेड. ऑइल काढाल तेव्हा रंग बघा. दुधी असेल तर पाणी शिरलंय, ब्रीदरची, म्हणजे आतली हवा सोडणारी, नळी निघालीय का तपासा.

मागच्या बाजूला रेडिएटर असो वा पुढे, त्याच्या जाळीतला वाळलेला चिखल साध्या पाइपने, इंजिनकडून बाहेर असा धुवा. सर्व्हिसिंगचा जोराचा पंप जवळून मारला की पत्रे वाकतात आणि चाकाच्या बेअरिंगमध्येही पाणी घुसतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. सीव्हीचे बूट, म्हणजे चाकांच्या दांड्यांच्या सांध्यांवरची रबरी आवरणं, फाटलेले नकोत. ए-आर्मला (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांड्याला) ग्रीस निपल असतील तर जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा.

येऊर_पायथा

एक भर घालते. आमच्याकडे दोन यूटीव्ही पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असतात. तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान उंदीर आणि जुनं पेट्रोल करतात. उंदीर वायरिंगची साल कुरतडतात, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवतो आणि सीटखाली दर आठवड्याला बघतो. आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, अमेरिकन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून महिनोन्महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवत नाही, लागेल तेवढंच भरतो.

बारवीकाठ

ताई, उंदरांचं अगदी खरं, आमच्याकडे ट्रेखालीच घरटं निघालं. दादा, शेवटचं विचारतो. काढलेला बेल्ट वाया गेला म्हणायचा, की जवळ ठेवायचा? आणि गाडी तुमच्याकडे आणू का?

वागळे_पाना

कॅलिपरने बेल्टची रुंदी चार-पाच ठिकाणी मोजा. एखाद्या जागी अरुंद असेल किंवा कडेचे दोरे सुटले असतील तर कामाला वापरू नका. दोरे शाबूत असतील तर सीटखाली ठेवा, सोबत कव्हरच्या बोल्टचा पाना. नवा मधेच गेला तर हा घालून ट्रे रिकामा करून एलमध्ये घरापर्यंत येता येतं. नवा मागवताना मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट नंबर पक्का करा, दिसायला सारखा बेल्ट लांबीला किंचित वेगळा असतो.

सील मिळेपर्यंत ओहोळात घालू नका. आणायची झाली तर टेम्पोतच आणा, या गाडीला नंबर प्लेट नाही, मुरबाड रोडवर चालवत आणायची नाही. पट्टे चेसिसला बांधा आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवू नका. सकाळी अकराच्या आत आलात तर त्याच दिवशी दोन्ही क्लच उतरवून बघू. इंजिनवरची पुली काढायचा पुलर माझ्याकडे आहे.