प्रतिसाद: आधी फोन कुणाच्या हातात असतो ते बघा

मोबाइलवर पालकांना धडे पाठवून घरातली मारझोड कमी होते का, आणि ठाण्यात असा अभ्यास कुठून सुरू करायचा, असं वर विचारलंय. 'पेरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ' आधी बघा. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि ऑक्सफर्डसकट काही विद्यापीठांचा हा उपक्रम. पालकांच्या समोरासमोरच्या गटांतून पुढे 'पेरेंटटेक्स्ट' हा मेसेजवरून धडे देणारा चॅटबॉट आणि 'पेरेंटअ‍ॅप' निघालं. अ‍ॅपची चाचणी टांझानियात म्वान्झाला झाली. त्यात भर शिस्तीआधी मुलासोबत वेळ घालवण्यावर आहे, आणि खेळ मुलानं निवडायचा.

आमच्या वागळे इस्टेटच्या बालवाडीत आयांचं उत्तर ठरलेलं, "खेळायला वेळ कुठाय ताई?" एकीला म्हटलं, मेथी निवडताना पोराला देठ द्या. पठ्ठ्यानं देठांची लोकल केली आणि कळवा, मुंब्रा, दिवा ओरडत ओट्यावरून नेली. भाजीला उशीर झाला, ते सोडा.

खरी मेख फोनची. चांगला फोन नवऱ्याबरोबर शिफ्टला जातो, रात्री येतो. "घरात कुणी हात उगारतं का?" हे त्याच फोनवर विचारलंत तर उत्तर खोटं येईल, नाहीतर खरं येईल आणि बाईला त्यापायी मार बसेल. हे प्रश्न समक्ष, एकटीलाच विचारा. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि १८१ (महिलांसाठीची) हे नंबर तोंडी सांगा. अ‍ॅप किती जणींनी घेतलं हा आकडा मिरवू नका, शेवटचा धडा किती जणींनी उघडला ते मोजा.

बापांचं काय ठरवलंय? आमच्याकडे रविवारी सकाळी कॅरमपाशी सगळे सापडतात.