कँडिड फोटोला आपल्याकडं काय म्हणायचं?

सेलूकर:
माझ्या मावसभावाचा सेलूत फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होईल म्हणून तो नवीन दरपत्रक छापून घेतोय. मी कधीकाळी मराठी शिकवायचो, त्यामुळं मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. सध्याच्या कागदावर असं आहे: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कँडिड, सिनेमॅटिक, ड्रोन, करिझ्मा अल्बम. शेवटचे दोन सोडले तर बाकीच्यांत काय मिळतं हे गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि भांडण तिथंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका घरानं नुसतं 'कँडिड' घेतलं. पोरांनी इंस्टाग्रामवर बघून ठरवलं होतं. अल्बम आला तेव्हा नवरीच्या मेंदीचे, झुमक्याचे, हसण्याचे पन्नास फोटो, आणि आहेर देतानाचा एकही नाही. व्याहीभेटीत व्याह्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. नवरीचे मोठे चुलते अल्बम घेऊन दुकानात आले. "आमी लग्नात होतो का नव्हतो, तेवढं सांगा." भावानं समजावलं की कँडिड म्हणजे असंच असतं, कुणाला उभं करत नाहीत. त्यावर ते म्हणाले, "मंग कागदावर तसं मराठीत लिवायचं ना."

त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. तर दोन शब्द हवेत. उभं करून, कॅमेऱ्याकडं बघायला लावून काढलेल्या फोटोसाठी एक आणि कुणाला न थांबवता काढलेल्यासाठी एक. वाचल्याबरोबर कळले पाहिजेत. शासकीय परिभाषेतले कृपया नकोत.

अंबाजोगाईचे मास्तर:
आधी मुळं बघू, मग रोप लावू. 'पोझ' फ्रेंचमधून आला, त्याच्या मागं उत्तरकालीन लॅटिनमधला 'पॉझारे', म्हणजे थांबणं, विसावणं. व्हिडिओ थांबवायचं 'पॉज' बटण आणि फोटोची 'पोझ' ही एका आजोबाची नातवंडं आहेत. फ्रेंच माणूस तर कॅमेऱ्यात उजेड किती वेळ येऊ द्यायचा, त्या अवधीलाच 'पोझचा वेळ' म्हणतो. यात अर्थ आहे. १८३९ साली फोटोची पद्धत जगापुढं आली तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटं लागत. डोकं हलू नये म्हणून मानेमागं लोखंडी आधार लावत. पोझ ही तेव्हा ऐट नव्हती, नाइलाज होता. जुन्या फोटोतली माणसं रागावलेली दिसतात, त्यालाही बरंचसं हेच कारण.

'कँडिड'चं मूळ लॅटिन 'कँडिडुस', म्हणजे शुभ्र. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूनं पांढरा केलेला झगा घालून मतं मागत फिरायचा, त्यावरून 'कँडिडेट'. पुढं शुभ्रचा अर्थ निर्मळ झाला, आणि निर्मळचा मनमोकळा, आडपडदा न ठेवणारा. फोटोला हे विशेषण चिकटलं १९२०च्या दशकाच्या अखेरीस. जर्मनीत एरिक सालोमन नावाचा कायदा शिकलेला गृहस्थ होता. तो 'एर्मानॉक्स' नावाच्या लहानशा कॅमेऱ्यानं, फ्लॅश न उडवता, कोर्टात आणि मोठ्यांच्या परिषदांत फोटो काढायचा. एका खटल्यात तर कॅमेरा टोपीत लपवून नेला होता.

म्हणजे शब्दाच्या पोटात 'नकळत' नाही, 'आडपडदा नसलेला' आहे. नकळतपणा सालोमनच्या टोपीतून आला. माझं मत 'सहज' या शब्दाला. सहज फोटो आणि बैठे फोटो.

जालनेकर:
मास्तर, कँडिडेटचं वाचून हसू आवरेना. आमच्याकडं निवडणूक जवळ आली की पांढऱ्या कपड्यातले कँडिडेट दिवसाला सात-आठ लग्नांत अक्षता टाकायला येतात. नवरा-नवरीच्या बरोब्बर मधी उभे राहतात आणि फ्लॅश पडेपर्यंत हार हातातून सोडत नाहीत. अख्ख्या लग्नात त्यांच्याइतकी पोझ कुणाची नसते.

स्टुडिओवाला, लातूर:
सेलूकर सर, मी यातच पोट भरतो म्हणून जरा लांबट लिहितो.

पहिली गोष्ट. आमच्या धंद्यात कँडिडच्या विरुद्ध 'पोझ्ड' नाही, 'ट्रॅडिशनल' आहे. दोन माणसं असतात. ट्रॅडिशनलवाला स्टेज सोडत नाही. मामा आले, मामाला उभं करा. आत्या, सरका जरा. टोपी-टॉवेलचा आहेर, साडी, फेटा, सगळ्यांचा एकेक. यात माणूस सुटला तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. कँडिडवाला ८५ किंवा ५० ची लेन्स लावून लांबून फिरतो, मागचं सगळं धूसर करतो.

दुसरी गोष्ट, आणि तुमची खरी अडचण इथंच आहे. गिऱ्हाइकाच्या लेखी कँडिड म्हणजे 'न सांगता काढलेला' राहिलाच नाही. कँडिड म्हणजे 'मागचं ब्लर' आणि 'कॅमेऱ्याकडं न बघणं'. कलवऱ्या येऊन सांगतात, "दादा, आमचा एक कँडिड काढा ना." मग पाचजणी ओळीत उभ्या राहतात, एकमेकींकडं बघून खोटं खोटं हसतात आणि एकीचा पदर दुसरी सावरते. तीनदा. पहिल्या वेळी हसू बरोबर आलं नव्हतं म्हणून. याला आम्ही आपसात 'कँडिड पोझ' म्हणतो आणि त्यात कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. त्यामुळं तुम्ही दरपत्रकावर 'सहज' छापलं, तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक होईल. सहज तर काहीच नसतं त्यात.

वडिलांचं सांगतो. त्यांच्याकडं याशिका होता, वरून खाली बघून फोटो काढायचा. १२० चा रोल, एका रोलात बारा फोटो. खेड्यातल्या लग्नाला बऱ्याचदा एकच रोल परवडायचा. बारांत लग्न बसवायचं म्हणजे हिशोब लागतो. परण्या एक, अंतरपाट एक, हार घालताना दोन, कन्यादान, सप्तपदी, जोडी, दोन्हीकडचे आईबाप, मग मामा-मामी, भावकीचा एक मोठा, एक रुखवताचा आणि शेवटचा वाटं लावतानाचा. त्यात एकानं डोळे मिटले तर तो गेलाच. म्हणून ते ओरडायचे, "हलू नका!" गावातली पोरं त्यांना बघून लांबूनच ओरडायची, हलू नका आले, हलू नका आले.

अजून एक. आपल्याकडं मुहूर्त दुपारी बारा-पस्तीसचा आणि मांडवाचं कापड लाल-पिवळं. त्यातून झिरपलेला उजेड तोंडावर पडतो आणि अर्धं वऱ्हाड काविळीचं दिसतं. स्टेजवर आमचे लाईट असतात म्हणून स्टेजवरचे फोटो स्वच्छ येतात. हे कुठल्याच शब्दात बसणार नाही, पण निवड करणाऱ्याला सांगितलं पाहिजे. उघड्या मांडवात भर दुपारी लग्न असेल तर मी स्वतःच म्हणतो, स्टेजवर पैसे घाला. कँडिडवाला हळदीला ठेवा, हळद संध्याकाळी असते.

परभणीची आत्या:
'नकळत', 'बेसावध', 'न सांगता' यांतलं काही छापू नका बाबा. बायकांना विचारून बघा. नकळत काढलेला म्हणजे आमच्या कानाला चोरून काढलेला. पुतण्याच्या लग्नात मी पंगतीत बसून वरण-पोळी कुस्करून खात होते. घास तोंडात, पदर खांद्यावरून सरकलेला. तो फोटो त्याच वेळी बाहेरच्या मोठ्या पडद्यावर दिसू लागला. निम्मं गाव बघू लालंय आणि मला शेजारची कोपरानं ढोसून सांगते. फोटोवाल्याला बोलले तर म्हणतो, मावशी, कँडिड आहे. म्हणजे काय, तुझी मर्जी?

पण एक शब्द आमच्या घरात कायम ऐकलाय, तो सांगते. आपण 'फोटोला उभं राहतो' किंवा 'फोटोला बसतो'. आणि दुसऱ्या तऱ्हेचा असला तर 'फोटोत सापडतो'. माझी आजी धाराशिवकडची, ती 'घावले' म्हणायची. "मी बी घावले की गं ह्यात!" माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आईचे तीन फोटो आहेत. दोनांत ती हात गुडघ्यावर ठेवून, शिक्षा झाल्यासारखी बसलीय. तिसरा खरं तर नणंदेचा आहे. नणंद पुढं उभी, आणि मागं कोपऱ्यात आई खाली बसून आहेराच्या साड्यांचं गाठोडं बांधतेय, दातात गाठीचं टोक धरून. आई गेल्यावर आम्ही तोच मोठा करून घेतला. नणंदेला कापून. अजून तिला सांगितलेलं नाही.

बघा, त्या फोटोत आई सापडली. फोटोवाल्यानं ती टिपली वगैरे काही नाही, त्याला तर पत्ताही नव्हता.

अंबाजोगाईचे मास्तर:
आत्याबाई, मी 'सहज' मागं घेतो. तुमचं निरीक्षण व्याकरणातही बसतं. मराठीनं हा फरक विशेषणात ठेवलेलाच नाही, क्रियापदात ठेवलाय. फोटोला उभं राहणं, फोटोला बसणं: इथं 'ला' आहे, माणूस आपणहून कामाला लागलाय, जसा जेवायला बसतो. फोटोत सापडणं, फोटोत येणं, फोटोत घुसणं: इथं 'त' आहे, चौकट आधीपासून आहे आणि माणूस तिच्या आत आलाय. इंग्रजी विशेषणाला मराठी विशेषण शोधायला निघालो म्हणून आपण अडलो.

'पोझ देणं' आणि 'पोझ मारणं' यातही असंच आहे. देणारा सांगितलेलं ऐकतो, मारणारा न सांगताच सुरू होतो.

संभाजीनगरहून एक वाचक:
आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडं, त्यामुळं एक शब्द राहून गेला. तसबीर. अरबी 'तस्वीर'वरून आलेला. त्याच मुळातला 'मुसव्विर', म्हणजे चित्र काढणारा. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांना 'मुसव्विर जंग' असा किताब होता, म्हणजे फोटो काढणाऱ्याला सरदाराच्या थाटाचं नाव. त्यांच्या हैदराबादच्या स्टुडिओत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळी सोय होती, फोटो काढणारीही बाईच. परभणीच्या आत्यांचा मुद्दा तेव्हाही कुणाला तरी सुचला होता.

मुसव्विर दरपत्रकावर चालणार नाही हे मला कळतं. तसबीर तर मुळीच नको. मराठीत तसबिरीतला माणूस एक तर देव असतो नाही तर वारलेला.

कँडिडला मात्र 'गाफील' सुचवतो. आपल्याकडं रोजच्या बोलण्यात आहे. गाफील फोटो.

जालनेकर:
गाफील धरलेला माणूस कुस्तीत चितपट होतो, लग्नात कशाला? नवरदेव गाफील म्हटलं तर सासरे आधीच घाबरतील.

टीव्हीत काम करणारी, नांदेडची:
वर आत्यांनी 'टिपणं' झटकून टाकलं. मला तो चांगला वाटतो. पाखरू दाणे टिपतं, टीपकागद शाई टिपतो, नेमबाज टिपतो. फोटोला तिन्ही लागू पडतात. फक्त वर्तमानपत्रांनी 'क्षण टिपले' लिहून लिहून तो गुळगुळीत केलाय. 'आमच्या प्रतिनिधीने टिपलेले छायाचित्र' म्हणजे बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर आलेलं.

आणि 'छायाचित्र' दरपत्रकावर नको. दुकानात येऊन कुणी छायाचित्र मागत नाही. शिवाय फोटोत उजेडाचं काम आणि आपण त्याला सावलीचं नाव दिलंय, हे मला शाळेपासून खटकतं.

सेलूकर:
सगळ्यांचे आभार. कागद छापून आला, म्हणून काय झालं ते सांगतो.

'सापडलेले फोटो' मला मनापासून आवडला होता. भावाला वाचून दाखवला तर तो म्हणाला, "दादा, लोक इचारतील, हारवले होते का?" तिथं तो शब्द मेला. मग लातूरच्या मित्रांचं पत्र परत वाचलं आणि लक्षात आलं की गिऱ्हाईक शब्दानं बोलतच नाही, जागेनं बोलतं. दुकानात येणारा माणूस म्हणतो, "स्टेजवरचे किती आन् खालचे किती?" हे मी दहा वेळा ऐकलं असेल, पण तो शब्द आहे असं वाटलं नव्हतं. तर आता असं आहे:

स्टेजवरचे फोटो: पाहुण्यांना बोलावून, उभं करून. आहेर, व्याहीभेट, जोडी, दोन्हीकडची घरची माणसं. यादी आधी द्यावी.

मांडवातले फोटो: कुणाला न थांबवता, चालत्या कामात. कोण येईल, कोण सुटेल याची हमी नाही. पंगतीतले आणि बायकांच्या खोलीतले फोटो काढले जाणार नाहीत.

शेवटची ओळ परभणीच्या आत्यांची. 'पंगतीतले' भावाला काढून टाकायचं होतं, वाढपी धावताना चांगले फोटो येतात म्हणून. मी ऐकलं नाही. 'मांडवातले'च्या खाली छोट्या अक्षरात 'कँडिड' ठेवावं लागलं, नाही तर पोरं समजतील की ह्याला येतच नाही.

स्टुडिओवाला, लातूर:
'यादी आधी द्यावी' हे उचलतोय सर. पण कार्यालयात लग्न असलं तर मांडव कुठला?

सेलूकर:
तेही विचारलं. कार्यालयात अक्षता पडल्या तरी लोक मांडवातच होतो म्हणतात, निदान सेलूत तरी.

छापलेला कागद घेऊन मी त्या चुलत्यांकडं मुद्दाम गेलो होतो. चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या. "स्टेजवरचे कळलं. मांडवातले म्हंजे आमच्यासारख्यांचे, पत्रावळ्या मोजत हिंडणाऱ्यांचे?" म्हटलं, हो, सापडलात तर. त्यांची धाकटी मुलगी अजून उजवायची आहे. तिच्या वेळी दोन्ही लावा म्हणाले, आणि स्टेजच्या यादीत आपलं नाव पहिलं.