एअर सस्पेन्शनच्या ट्रकवर वजन-वाटप हिच बसवताना उंचीचे माप का फसते?

प्रश्न (लांबपल्ला)

माझ्या पिकअप ट्रकला कंपनीकडूनच चारही चाकांवर एअर सस्पेन्शन आलेले आहे. मागे जोडायचा ट्रेलर भरल्यावर २,५०० किलोंचा होतो आणि त्यातले सुमारे ३०० किलो वजन हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलवर येते. माझ्या आधीच्या गाडीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या आणि तिच्यावर वजन-वाटप हिच (स्प्रिंग बारच्या ताणाने ट्रेलरचा भार पुढच्या चाकांकडेही ढकलणारी जोडणी) बसवण्याची रीत मला पाठ होती. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या मडगार्डच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजायची, जोडल्यावर ती किती वाढली ते पाहायचे आणि मग स्प्रिंग बारच्या साखळ्या एकेक कडी आवळत ती वाढ कमी करत आणायची.

नव्या गाडीवर हीच रीत वापरायला गेलो, तर मोजायला काही उरतच नाही. ट्रेलरचे नाक बॉलवर टेकले की मागची बाजू क्षणभर खचते, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि मिनिटभरात गाडी चारही कोपऱ्यांवर पूर्ववत उभी राहते. पुढची उंची आधी ९२ सेंटीमीटर होती, नंतरही ९२च. बार आवळले तरी तेवढीच आणि सोडले तरी तेवढीच. गाडी अशी समतल दिसत असूनही वेग घेतल्यावर स्टिअरिंग हलके लागते. हिच बसवून देणाऱ्याचे म्हणणे असे, की एअर सस्पेन्शन गाडी उचलून धरतेच, त्यामुळे बारची गरज नाही. ते खरे असेल, तर स्टिअरिंग हलके का लागावे?

उत्तर १ (जुना मिस्त्री)

पाट्यांच्या गाडीत उंची म्हणजे वजनाचा अंदाजच असतो, कारण पाटा किती दबला यावरून त्याच्यावर किती भार आला ते कळते. एअर सस्पेन्शनचे कामच मुळी हे नाते तोडण्याचे आहे. भार वाढला की ते हवा भरते, घटला की सोडते आणि उंची तीच ठेवते. म्हणून तुमची टेप ९२ दाखवते ते बरोबरच आहे. फक्त त्या आकड्याचा वजनाशी संबंध राहिलेला नाही.

आता भार कुठे जातो ते पाहू. तुमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर ३.६ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉलपर्यंतचे अंतर १.२ मीटर धरा. बॉलवर ३०० किलो टेकले की मागचा अ‍ॅक्सल टेकूसारखा वागतो आणि पुढचा अ‍ॅक्सल ३०० × १.२ ÷ ३.६, म्हणजे १०० किलोंनी हलका होतो. मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० नव्हे, तर ४०० किलो वाढतात. मागच्या फुग्यांत (स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या पिशव्यांत) कितीही हवा भरली, तरी हा हिशेब बदलत नाही. मागची बाजू वर आली, एवढेच. पुढचे फुगे तर भार कमी झाला म्हणून हवा सोडून देतात आणि नाक वर उचललेले दिसण्याची खूणही पुसून टाकतात. स्टिअरिंग हलके लागते ते या १०० किलोंमुळे. ते पुढे परत नेण्याचे काम बारच करू शकतात, कारण ते गाडी आणि ट्रेलर यांच्यामधला सांधा ताठ करून भाराचा काही भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतात.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी करा. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याचे प्रकरण वाचा. काही निर्माते आपल्या एअर सस्पेन्शनच्या गाड्यांवर वजन-वाटप हिच वापरायला स्पष्ट मनाई करतात. तशी मनाई असेल, तर पुढची सगळी चर्चा तुमच्यासाठी निरर्थक आहे आणि तुम्हाला हलका ट्रेलर शोधावा लागेल.

उत्तर २ (समतल)

पुस्तिकेत परवानगी असेल, तर क्रम महत्त्वाचा आहे. माझ्या पाहण्यात बहुतेकांची चूक बार आवळण्यात होत नाही. सस्पेन्शन जागे असताना आवळण्यात होते.

सपाट, पक्क्या जमिनीवर ट्रेलरविना गाडी उभी करून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणावे. चढउतारासाठी खाली बसण्याची किंवा खडबडीत रस्त्यासाठी वर उठण्याची उंची इथे चालणार नाही. याच अवस्थेत बॉलची उंची ठरवावी. पाट्यांच्या गाडीत आपण खचण्याची सोय म्हणून बॉल कपलरपेक्षा (ट्रेलरच्या नाकावरच्या, बॉलवर बसणाऱ्या भागापेक्षा) थोडा वर ठेवत असू, पण इथे गाडी शेवटी नेहमीच्या उंचीवरच येणार आहे, त्यामुळे समतल ट्रेलरच्या कपलरशी बॉल जवळजवळ बरोबरीत असावा. (बॉल नवा घेणार असाल, तर ५० मिलिमीटर आणि २ इंच हे दोन वेगळे आकार आहेत हे लक्षात असू द्यावे, २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. कपलरवर जो आकार कोरलेला असेल, तोच घ्यावा.)

त्यानंतर गाडीची स्वयंचलित समतलता बंद करावी. अनेक गाड्यांत जॅक लावून चाक बदलण्यासाठी जी स्थिती दिलेली असते, तीच यासाठी वापरतात. तिच्यात व्हॉल्व्ह बंद होऊन फुग्यांतली हवा कोंडली जाते आणि फुगा साध्या स्प्रिंगसारखा दबतो. म्हणजे तुमची जुनी टेपची रीत आता पुन्हा लागू पडते. जोडण्याआधीची उंची, बारविना जोडल्यावरची उंची आणि बार आवळल्यावरची उंची अशी तीन मापे घ्यावीत. वाढलेल्या उंचीपैकी किती परत आणायची हे निर्मात्यागणिक बदलते, म्हणून तो आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. मापे झाल्यावर समतलता पुन्हा सुरू करावी. मागची बाजू थोडी वर येईल आणि त्यामुळे बारचा ताण किंचित उतरेल. ते अपेक्षितच आहे. गाडी चालू लागली की ही बंद स्थिती बहुतेक गाड्यांत आपोआप रद्द होते, तेव्हा सगळी मापे गाडी न हलवता एकाच बैठकीत उरकावीत.

या टेपवर विसंबू नये असे वाटले, तर वजनकाटा आहेच. अ‍ॅक्सलनिहाय तीन वजने करावीत : नुसती गाडी, बारविना ट्रेलरसह आणि बारसह. काट्यासमोर सस्पेन्शनला काही लपवता येत नाही.

लांबपल्ला

पुस्तिकेत मनाई नव्हती. सांगितल्याप्रमाणे समतलता बंद करून बार बसवले, मग ती चालू करून काट्यावर गेलो. नुसती गाडी पुढे १,४२० आणि मागे १,०८० किलो भरली. बारविना ट्रेलरसह पुढे १,३२० आणि मागे १,४८० झाले. जुन्या मिस्त्रींचा १०० किलोंचा हिशेब तंतोतंत उतरला. बारसह पुढे १,३९०, मागे १,३६० आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर २,२०० ऐवजी २,२५० आले. तिन्ही वेळा मडगार्डची उंची ९२च होती. उरलेले ३० किलो पुढे आणण्यासाठी आणखी एक कडी आवळावी का?

उत्तर ३ (जुना मिस्त्री)

गेलेल्या १०० पैकी ७० परत आले आहेत. तुमच्या पुस्तिकेतला आकडा त्याहून अधिक नसेल, तर तिथेच थांबा. जास्त आवळल्याने मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार गरजेपेक्षा कमी होतो आणि वळणावर किंवा जोरात ब्रेक लागल्यावर ट्रेलर गाडीची मागची बाजू बाहेर ढकलू लागतो. हलक्या स्टिअरिंगपेक्षा ते वाईट. ट्रेलरमधले सामान बरेच कमी-जास्त झाले किंवा पुढून मागे सरकले, तर मात्र हीच मापे पुन्हा घ्यावी लागतील, कारण बॉलवरचे ३०० किलो तेव्हा ३०० राहणार नाहीत.

उत्तर ४ (दुहेरी चाक)

मूळ प्रश्न कंपनीच्या सस्पेन्शनचा आहे, पण ज्यांनी पाट्यांच्या गाडीला नंतर हवेच्या मदतनीस पिशव्या बसवल्या आहेत त्यांनाही हेच लागू आहे. आधी पिशव्यांत निर्मात्याने सांगितलेला किमान दाब ठेवून बार जुळवावेत आणि मग हवी असल्यास थोडी हवा भरावी. उलट क्रमाने केले, तर पिशव्या मागची बाजू वर उचलतात, बार ढिले पडतात आणि पुढचा अ‍ॅक्सल हलकाच राहतो.

उत्तर ५ (समतल)

सोडण्याबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. ट्रेलर सोडतानाही समतलता आधी बंद करावी. ती चालू राहिली, तर नाकाचा जॅक गाडीची मागची बाजू उचलू लागताच सस्पेन्शन हवा सोडून तिला खाली आणायला पाहते आणि दोघांची झटापट सुरू होते. कपलर बॉलवर अडकवलेलाच ठेवून जॅकने दोन्ही मिळून वर उचलावे, बारचा ताण उतरल्यावरच साखळ्या सोडाव्यात आणि त्या वेळी बारच्या टोकासमोर उभे राहू नये. बार निघाल्यावर कपलरची कडी उघडावी. गाडी पुढे काढून झाल्याशिवाय समतलता पुन्हा चालू करू नये आणि तोवर कोणाचाही हात बॉल आणि कपलर यांच्यामध्ये जाता कामा नये, कारण काही गाड्यांत दार उघडताच किंवा इंजिन बंद होताच सस्पेन्शन आपणहून हलते.