हुआंगदी : सम्राट, बादशहा की पीत सम्राट?

चीनच्या इतिहासावरचं एक प्रकरण मराठीत करतेय आणि एका शब्दावर अडलेय. एका पानावर हुआंगदी ड्रॅगनवर बसून आकाशात जातो, पुढच्या पानावर इ.स.पू. २२१ मध्ये छिन नावाच्या राज्याचा राजा हुआंगदी होतो. एकच माणूस का हा? मराठीत काय लिहू?

—

ताई, दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार मात्र अगदी सुरासकट सारखा, फरक फक्त लिपीत दिसतो. पहिल्यातला हुआंग म्हणजे पिवळा, मातीचा रंग, हा पुराणातला राजा. दुसऱ्यातला हुआंग म्हणजे थोर, तेजस्वी. छिनच्या राजाने बाकीची राज्यं जिंकली, मग त्याला नुसतं 'वांग' म्हणजे राजा म्हणवणं कमी वाटायला लागलं कारण हरलेले पण वांगच होते ना, म्हणून त्याने पुराणातल्या तीन हुआंग आणि पाच दी या राजांच्या बिरुदांतून एकेक शब्द उचलून जोडला, पुढे 'शि' म्हणजे पहिला लावलं, माझ्यानंतर दुसरा, तिसरा असं दहा हजार पिढ्यांपर्यंत मोजत जा म्हणाला. घराणं १५ वर्षांत संपलं, पदवी मात्र १९१२ पर्यंत टिकली.

आता गंमत बघा, हान काळातला इतिहासकार सिमा छ्येन याच्या इतिहासात त्या पाच दींमधला पहिला हा पिवळाच आहे. म्हणून मला 'पीत सम्राट' अजिबात पटत नाही, सम्राटाची पदवीच त्याच्या बिरुदावरून बनलीय, आपण उलटं करतोय. छिनच्याही खूप आधीच्या शांग घराण्याच्या काळातल्या हाडांवरच्या लेखांत 'दी' हा सगळ्यात मोठा देव आहे, तो अर्थ सम्राटमध्ये कुठे येतो?

—

वरच्याला +१. बादशहा तर नकोच, पादशाह फारसी, लगेच दिल्लीचा दरबार डोळ्यासमोर येतो.

ड्रॅगनबद्दल पण बोलायचंय. मूळ शब्द लुंग, आणि बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा आपल्या 'नाग'ला तिकडे लुंगच म्हटलं. तरी इथे नाग लिहू नका, कारण त्या गोष्टीत लुंगला दाढी आहे. पिवळा वर बसतो, मागे राहिलेले अधिकारी दाढीचे केस धरून लोंबकळतात, केस उपटतात आणि सगळे खाली पडतात, त्याचं धनुष्यही पडतं. ही गोष्ट ऐकून हान घराण्याचा वू सम्राट म्हणाला की मला असं जाता आलं तर बायकामुलं सोडणं पायातलं पादत्राण काढण्याइतकं सोपं वाटेल! नंतर त्यानेच विचारलं, हुआंगदी मेलाच नाही तर त्याची समाधी कशी काय, तर उत्तर मिळालं की तिथे फक्त कपडे आणि टोपी पुरलीय. मला हा प्रश्न फार आवडतो, एवढा अमरत्वामागे लागलेला माणूस पण शंका त्याला आलीच.

—

दोघांचे खूप आभार. पदवीला 'सम्राट', पुराणातल्याला 'पिवळा हुआंगदी', ड्रॅगनला 'लुंग' ठेवते, आणि दाढी तशीच ठेवते.