'क्लिनिकल सायकॉलॉजी'ला मराठी शब्द कोणता घ्यावा?

प्रश्न: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं काढते आहे. विषय, प्रौढांचे आणि मुलांचे मनोविकार. पहिल्याच ओळीला अडले. 'क्लिनिकल सायकॉलॉजी'ला कुठे 'चिकित्सालयीन मानसशास्त्र', कुठे 'नैदानिक', तर कुठे 'चिकित्सा मानसशास्त्र' दिलंय. कोणता घेऊ?

प्रतिसाद: 'नैदानिक' नको. निदान म्हणजे आजार ओळखणं, आणि हे शास्त्र तिथे थांबत नाही. शिवाय रोजच्या बोलण्यात 'निदान' म्हटलं की 'निदान फोन तरी कर' हेच आधी आठवतं. 'चिकित्सालयीन' शब्दाला धरून आहे, तो घ्या.

प्रतिसाद: 'चिकित्सालयीन'ने आलय, म्हणजे इमारत, पुढे येते. 'क्लिनिकल'मागचा मूळ ग्रीक शब्द खाटेचा आहे. रुग्णाच्या खाटेपाशी बसून त्याला पाहायचं, ही त्यातली कल्पना. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लाइटनर विट्मर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं, तेव्हा पहिला आलेला मुलगा अंथरुणाला खिळलेला नव्हता. त्याला स्पेलिंग जमत नव्हतं, म्हणून शिक्षिकेने त्याला आणलं होतं. 'क्लिनिकल' हा शब्द आपण पद्धतीसाठी घेतला, असं विट्मरनी पुढे लिहिलंय. एकेका माणसाला नीट तपासायचं आणि मदत करायची, ही ती पद्धत.

म्हणून माझं मत 'चिकित्सा मानसशास्त्र'. चिकित्सा म्हणजे उपचार, आणि चिकित्सा म्हणजे बारकाईने पारखणंही. भांडारकर संस्थेने महाभारताची 'चिकित्सक आवृत्ती' काढली ती याच दुसऱ्या अर्थाने. चाचण्या, मुलाखत आणि मग मनोपचार हे या तज्ज्ञाचं काम, म्हणजे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले. ही सोय आपल्याला मराठीने आयती दिलीय.

टिपणांत एक फरक जरूर लिहा. आपण सरसकट सगळ्यांना 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणतो. औषधं लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वैद्यकशास्त्र शिकलेले असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकून येतात आणि आपल्याकडे त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेत होते.

प्रश्नकर्ती: पटलं, 'चिकित्सा'च घेते. आता आजारांची नावं. स्किझोफ्रेनियाला 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' चालेल का? आणि मुलांच्या भागात 'मतिमंद' अजून वापरतात का?

प्रतिसाद: दोन्ही खोडा, कृपया.

स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं, ते विचार, भावना आणि वागणं यांची आपसातली फारकत दाखवायला. एका शरीरात दोन माणसं, असा त्याचा अर्थ नाही. 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' वाचून मात्र सगळे तेच समजतात. जपानमध्ये तर जुन्या नावाचा अर्थच 'मन फुटण्याचा आजार' असा होता, म्हणून २००२ साली तिथे नाव बदललं. आपला 'छिन्नमनस्कता' अर्थाने बरोबर आहे, पण नातेवाईकांसमोर मी 'स्किझोफ्रेनिया'च म्हणते. 'छिन्न' ऐकलं की माणसं दचकतात.

त्याच प्रकरणात भास आणि भ्रम वेगळे ठेवा. कुणी नसताना हाक ऐकू येते तो भास. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतात, अशी कितीही समजावलं तरी न हलणारी खात्री, तो भ्रम. घरचे दोन्हींना 'त्याला भास होतात' म्हणतात, आणि मग टिपून घेताना अर्धी माहिती निसटते.

'मतिमंद'ऐवजी आता 'बौद्धिक अक्षमता'. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हीच संज्ञा आहे. एक आई मुलाचं जुनं प्रमाणपत्र माझ्यासमोर धरून बसली होती. अंगठा नेमका त्या शब्दावर. कागद माझ्या हातात देतानाही तिने अंगठा काढला नाही, मलाच तो हळूच सरकवावा लागला. त्या दिवसापासून मी तो शब्द लिहिलेला नाही.

'नैराश्य' ठेवा, पण मुलांच्या भागात त्याखाली दोन ओळी जास्त लिहा. मोठी माणसं म्हणतात, 'कशात मन लागत नाही.' मूल तसं सांगत नाही. ते चिडतं, वस्तू आपटतं, पोट दुखतंय म्हणतं. डीएसएम-५ मध्येही, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत, मुलांसाठी उदास मनःस्थितीच्या जागी चिडचिडही धरली जाते. 'नैराश्य' म्हणजे रडवेला चेहरा एवढंच विद्यार्थ्याच्या डोक्यात बसलं, तर वर्गातलं चिडकं पोर 'हट्टी' म्हणूनच मोठं होईल.

प्रतिसाद: ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणावं का? मला तो खटकतो. कामात मग्न, वाचनात मग्न, हे सगळं आपल्या मर्जीचं असतं.

प्रतिसाद: मलाही खटकतो. पण शब्द रुळलाय, पालक स्वतःच वापरतात. मी 'ऑटिझम (स्वमग्नता)' असं लिहिते आणि पहिल्याच भेटीत सांगते, की मूल हट्टाने आत जाऊन बसलेलं नाही.

आणि ओसीडीला, म्हणजे तेच तेच विचार नि त्याच त्याच कृती सुटत नाहीत त्या आजाराला, नवा शब्द शोधत बसू नका. 'मंत्रचळ' आपल्याकडे आहेच. कुलूप लावून जिन्यावरून चारचारदा परत येणाऱ्या सुनेबद्दल एक आजी सांगत होत्या. मी 'मंत्रचळ' म्हटलं, तशा लगेच म्हणाल्या, "अगं, म्हणजे हा आजार आहे होय? मी तिला उगाच बोलत होते."