रंग संगणकाचे नव्हते, ऑप्टिकल प्रिंटरचे होते

अमेरिकन अॅनिमेशनकार जॉन व्हिटनी यांच्या १९६८ च्या ‘परम्युटेशन्स’ या, संगणकाने काढलेल्या ठिपक्यांच्या आकृतींच्या लघुपटातील रंग संगणकानेच निर्माण केले असावेत, असे कोणालाही वाटेल. पण तसे नव्हते. आयबीएम कंपनीच्या ‘२२५०’ या संगणकाच्या ज्या पडद्यावर या आकृती उमटत, तो एकरंगी होता आणि एकेक चौकट (फ्रेम) पूर्ण व्हायला काही सेकंद लागत, त्यामुळे पडद्यासमोरच्या कॅमेऱ्याने कृष्णधवल फिल्मवर चौकटीमागून चौकट टिपत जाण्याखेरीज मार्ग नव्हता.

खरी रंगसंगती त्यानंतर, ऑप्टिकल प्रिंटरवर होत असे. या यंत्रात प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर बसवलेले असतात. प्रोजेक्टरमधील तयार फिल्मची प्रत्येक चौकट कॅमेरा नव्याने टिपतो आणि मध्ये रंगीत फिल्टर ठेवला की पांढरे ठिपके त्या रंगाचे होतात. कॅमेऱ्यातील तीच फिल्म मागे गुंडाळून दुसऱ्या फिल्टरने दुसरी आकृती तिच्यावर छापली की एकाच चौकटीत दोन रंगांचे दोन थर मिळतात. संगणकाच्या आकृतींना ही पद्धत विशेष मानवते, कारण त्यांची पार्श्वभूमी गडद काळी असते, तिथे फिल्मवर प्रकाश पडतच नाही आणि पुढच्या थरासाठी ती जागा कोरी राहते. चौकटी दोनदोनदा छापून गती संथ करणेही याच यंत्रावर शक्य होते.

म्हणून अशा लघुपटांचे श्रेय केवळ प्रोग्रॅमिंगला देणे मला अपुरे वाटते. फिल्टरची निवड आणि थरांचा क्रम हे दिग्दर्शकाच्या नजरेचे निर्णय होते.