मदत हवी आहे : इंग्रज खलाशाचा पगार मराठीत कसा मांडू?

नमस्कार मंडळी. एडवर्ड बार्लो या साध्या इंग्रज खलाशावर लेख लिहितेय. जन्म १६४२, मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचमधल्या गरीब घरात. १६७२ मध्ये डचांच्या कैदेत सापडल्यावर तो रोजनिशी लिहायला बसला, सोबत जहाजांची सुंदर चित्रंही काढली. खारवलेलं मांस, कडक बिस्किटं, वादळात शिडांवर चढणं, हे सगळं लिहून झालंय. अडलेय ती पगारापाशी.

वाटेत माल भिजला की भरपाई खलाशांच्या पगारातून कापायचे. बार्लोला याचा फार संताप यायचा, आणि वाचताना मलाही येतो. जहाजच बुडालं तर पगारही बुडाला, कारण तो मालाच्या भाड्यातून निघायचा. महिनोन्‌महिने राबलेला माणूस पोहत किनाऱ्याला लागला तरी हात रिकामेच!

आपल्याकडच्या गलबतांवर असा हिशेब कसा व्हायचा? या कपातीला कोकणात काही खास शब्द होता का? आणि 'बोसन'साठी, म्हणजे खलाशांकडून काम करवून घेणाऱ्या मुकादमासाठी, 'सारंग' लिहू की 'तांडेल'? आमच्याकडे तांडेल म्हणजे होडीचा प्रमुखच, म्हणून गोंधळ होतोय. घरात कुणी जुन्या गलबतांवर काम केलं असेल तर कृपया त्यांना विचारून सांगा.